शेवटच्या चौकीवरचा झेंडा

"अहो, फोटो माझ्या भावाचा आहे. तुमच्या सोसायटीचा नाही," वृंदा म्हणाली.

"दर वर्षी खाली नेतोच की. या वर्षीच काय बिघडलं?" दिनानाथ खुर्चीवर चढून फोटोच्या खिळ्याला हात घालत होते. अडुसष्टाव्या वर्षी एरवी बल्ब बदलायलाही ते वॉचमनला बोलावत.

"दर वर्षी टेबलावर ठेवता. उद्या नकाशावर ठेवणार आहात."

अंबरनाथ पूर्वेच्या त्यांच्या सोसायटीत पंधरा ऑगस्टला आवारात देशाचा रांगोळीचा नकाशा काढायची पद्धत होती. वीस वर्षं त्याची सीमारेषा वृंदाच काढत आली होती. या वेळी चेअरमन दौलतरावांनी सीमा वाढवून आणली होती. डोंगरापलीकडचा सगळा मुलूख, अटकेपर्यंत आणि त्याच्याही वर. वृंदाने चाळणी खाली ठेवली तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या बायकांनी ती रेघ पूर्ण केली. अर्धी रांगोळी तर पार्किंगमध्ये गेली होती. फलकही छापून आला होता : ‘शहीद श्यामकांत यांनी रोवलेला झेंडा पुढे नेऊया.’

"आपले लोक अटकेपर्यंत गेले होते, हा इतिहास आहे," दिनानाथ म्हणाले.

"आपले म्हणजे कोण? तुमची पस्तीस वर्षं इथल्याच मोरिवलीच्या रंगाच्या कंपनीत गेली. पनवेलला बदली झाली तर महिनाभर पाठ धरून झोपला होतात. आणि अटकेला गेलेले तिथे किती दिवस टिकले, तेही सांगा एकदा माइकवर."

कोचावर नववीतली राजसी हातातल्या कागदावरून उद्याचं भाषण पाठ करत होती. आजी-आजोबांचं भांडण ती पंख्याच्या आवाजासारखं ऐकत असे. "माझ्या आजीचे भाऊ," ती पुटपुटली, "बर्फाच्या शेवटच्या चौकीवर तिरंगा रोवताना..."

हे वाक्य वृंदाचंच होतं.

सदतीस वर्षांपूर्वी ती शिरगावला माहेरी गेली होती, तेव्हा पलटणीतून पत्र आलं. आईला, गयाबाईला, वाचता येत नव्हतं. श्यामकांतची साठवलेली सगळी पत्रं वृंदाच माहेरी गेली की तिला वाचून दाखवी. त्याने पायमोजे मागितले तर वृंदा वाचे, ‘आई, मी ठणठणीत आहे.’ डोकं दुखतं, झोप लागत नाही, असं त्याने लिहिलं तर ती वाचे, ‘इथलं जेवण छान आहे.’ आईला घास जावा एवढंच तिला हवं असे. त्या दिवशी पत्र सुभेदाराचं होतं. वृंदाने ते आधी मनात वाचलं आणि मग तोंडाला आलं ते मोठ्याने वाचलं. शेवटची चौकी. झेंडा. हसत गेला.

आईने ते गावाला सांगितलं. गावाने शाळेला सांगितलं. लग्नाकार्यात कोणी विचारलं की वृंदाही तेच सांगे. आईसमोर वेगळं काय सांगणार? पुढे आई गेली, तरी गोष्ट राहिली. दिनानाथांनी तिच्यात शत्रूचे दोन बंकर घातले. आता दौलतरावांनी तिला पुढचा मुलूख जोडला होता.

आणि सकाळी गोदू येऊन गेली होती. तळमजल्यावरची. तिचा मुलगा विक्रांत पलटणीबरोबर उत्तरेत सीमेवर होता. "वृंदाताई," ती दारातच उभी राहून म्हणाली, "पुढे जा, पुढे जा म्हणून टाळ्या वाजवतात आणि मग सगळे उपमा खातात. मी घरी जाऊन फोन चार्जिंगला लावून बसते. तुमच्या भावाचं नाव घेतलं की कोणी काही बोलू शकत नाही. तुम्ही त्यांना थांबायला सांगून बघा ना."

वृंदा आत गेली. कपाटातून साड्यांखालची पिशवी काढून ती बाहेर आली. दिनानाथ फोटो काखेत घेऊन खुर्चीवरून उतरले होते.

"राजसी, कागद खाली ठेव. ऐक."

पिशवीतलं सुभेदाराचं पत्र हिंदीत होतं. तिने ते आहे तसं, मराठीत वाचलं. हवा खराब होती. शत्रूची काही हालचाल नव्हती. श्यामकांतला तिसऱ्या दिवशी श्वास लागला, छातीत पाणी झालं. हेलिकॉप्टर दोन दिवस येऊ शकलं नाही. तंबूत दोघांनी त्याला आळीपाळीने धरून बसवलं. शेवटी तो घरचं काही बोलत होता, पण मराठी कोणाला येत नसल्यामुळे ते कळवता येत नाही, याबद्दल माफी असावी.

पंखा फिरत राहिला. दिनानाथांनी फोटो टेबलावर ठेवला, उलटा.

"हे तू मला कधीच सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

"तुम्हाला ते दुसरं फार आवडलं होतं."

त्यांनी खुर्ची जागेवर सरकवली. मग घसा खाकरून म्हणाले, "बाहेर बोलू नकोस. एवढ्या लोकांचा... त्याचाच अपमान होईल गं."

राजसीचे डोळे भरले होते. तिने ते फ्रॉकच्या बाहीला पुसले. "आजी, पणजीला तू खोटं सांगितलंस."

"हो."

"तिला बरं वाटावं म्हणून?"

"हो."

"मग खाली पण सगळ्यांना बरंच वाटतं ना," राजसी म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिने कागद उचलला. "मी झेंडाच म्हणणार. बाईंनी पण तेच पाठ करून घेतलंय. तंबूत बसून मेले, असं कसं म्हणायचं माइकवर?"

वृंदाने तिच्याकडे पाहिलं. पोरीने आजीची चूक बरोबर उचलली होती, आजीच्याच आवाजात. खालून माइकची चाचणी ऐकू येत होती : एक, दोन, तीन. दोनशे माणसांसमोर ती एकटी उभी राहून पत्र वाचेल आणि पहिल्या रांगेतून तिची नात तिला खोटं पाडेल.

तिने पत्र घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं. फोटो सरळ केला, पदराने काच पुसली आणि तो उचलून पोटाशी धरला.

"हा खाली जाणार नाही," ती म्हणाली. "मीही येणार नाही. उद्या सकाळी मी गोदूकडे बसायला जाणार आहे, तिच्या विक्रांतचा फोन येईपर्यंत. फोटो माझ्याबरोबर असेल. उपमा तुम्ही खालीच खाऊन या."