वंदनाचं पाचवं भाषण

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. ड्रॉवरमधल्या जुन्या चाव्यांसारखे ते साठत जातात. कुठल्या कुलपाची कोणती ते आठवत नाही, पण टाकवतही नाहीत. माझ्या बायकोला, वंदनाला, जाऊन आठ महिने झाले, तरी आमच्या शुक्रवारच्या मंडळींपैकी कोणाचा फोन आला की एखादी चावी निघतेच.

सुरुवात एका साध्या मंगळवारी झाली. मी इथे कतारमध्ये, मेसईदच्या प्लांटवरून कंपनीच्या बसने अल रय्यानला घरी पोचलो. वंदना डायनिंग टेबलवर बारावीच्या मुलांचे इतिहासाचे पेपर तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "माझा रिपोर्ट आलाय. चांगला नाही. डबा सिंकमध्ये ठेव, नुसता ओट्यावर नको."

मी डबा सिंकमध्ये ठेवला.

"दोन महिन्यांनी पुण्याला ऑपरेशन. तोवर कोणाला सांगायचं नाही. आणि मला पाच शुक्रवार हवेत."

दर शुक्रवारी दुपारी चार वाजता आमच्याकडे काही मराठी घरं जमत आणि कोणीतरी आपल्या आवडीच्या विषयावर बोले. तिचा विषय होता विसाव्या शतकाच्या सुरुवातीची अमेरिका. कालवा, कारखाना, बंदर, युद्ध आणि बायकांचं मत, म्हणजे मतदानाचा हक्क. अशी पाच भाषणं. शेवटचं तिचं लाडकं. "शाळेत ते अर्ध्या पानात उरकावं लागतं," ती म्हणायची.

* * *

पहिला शुक्रवार, पनामा कालवा. अमेरिकेला जमीन हवी होती, कोलंबिया करार मानेना. मग कोलंबियाचाच एक तुकडा वेगळा झाला, अमेरिकेच्या युद्धनौका बाहेर उभ्या राहिल्या, आणि नव्या देशाचा करार पंधरा दिवसांत झालासुद्धा.

दुखानच्या तेलक्षेत्रात काम करणारे सावंत खूश झाले. "म्हणजे सोसायटीने जागा दिली नाही, तर विंगच वेगळी काढली!"

"आणि बिल्डरची माणसं गेटवर उभी केली," वंदना म्हणाली.

सगळे हसले. पुण्याचे कुलकर्णी मात्र खिडकीकडे बघत होते. "वहिनी, अमेरिकेचा इथला लष्करी तळ आपल्यापासून किती लांब?"

"अर्धा तास."



* * *

दुसरं भाषण कारखान्याचं. कामगार जागेवर उभा, काम त्याच्यासमोर सरकत येतं. दिवाळी जवळ होती, म्हणून सावंतांनी ठरवलं की करंज्या अशाच करायच्या! एकजण लाटणार, सावंत सारण भरणार, कुलकर्णी मिटणार, मी कातणार.

मध्येच सावंतांना साइटवरून फोन आला. ते बाल्कनीत गेले. लाइन थांबली नाही. चाळीस करंज्या रिकाम्या तळल्या गेल्या!

"अहो, दिसत नव्हतं का?" वंदनाने कुलकर्ण्यांना विचारलं.

"दिसत होतं. पण माझं काम मिटायचं होतं."

"झालं," ती म्हणाली, "आता दुसरं भाषण पुन्हा द्यायला नको."

* * *

तिसरं बंदराचं. बोटीतून अमेरिकेत राहायला आलेल्या माणसांना डॉक्टर जिन्यावरच न्याहाळत, आणि शंका आली की कोटावर खडूने एक अक्षर काढत. त्या अक्षरावरून पुढची तपासणी, कधी परतीची बोट.

"म्हणजे आपली व्हिसाची मेडिकल!" सावंत ओरडले. प्रत्येकाला आपला पहिला एक्स-रे आठवला. कुलकर्ण्यांनी तर रिझल्ट येईपर्यंत बॅगच उघडली नव्हती म्हणे.

वंदना म्हणाली, "काही हुशार लोक कोट उलटा घालून आत गेले."

नंतर कप विसळताना वसईची फिलोमिना तिच्या शेजारी उभी होती. फिलोमिना इथल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही कोट उलटा घातलाय ना?"

वंदनाने नळ थोडा मोठा केला.

* * *

चौथ्या आठवड्यात आखातात लढाई पेटली आणि एका संध्याकाळी इथलं आकाश विमानांना बंद झालं. काही तासांनी उघडलं, पण मंडळींची झोप उडाली. वंदनाने ग्रुपवर नेहमीसारखी सूचना टाकली: "शुक्रवार, चार वाजता. अमेरिका युद्धात उतरते. पाण्याच्या बाटल्या आपापल्या आणा."

कोणीतरी ती नाशिकला पाठवली. नाशिकहून ती दुसऱ्याच ग्रुपवर दोह्यात परत आली, वर एक ओळ चढवून: "आतल्या माणसाकडून." कुलकर्ण्यांनी आमचा ग्रुप पाहिलाच नव्हता. त्यांनी ही वाचली.

शुक्रवारी ते आले ते गाडीची टाकी फुल, डिकीत पाण्याचे सहा खोके, हातात सगळ्या घरच्यांचे पासपोर्ट!

"बरं झालं," वंदना म्हणाली, "चहाचं पाणी संपलंच होतं."

मग तिने भिंतीवर युद्धाचा नकाशा टांगून सांगितलं, युद्धापासून देशाला लांब ठेवलं म्हणून तिकडचे अध्यक्ष पुन्हा निवडून आले, आणि काही महिन्यांत देश युद्धात होता.

"मग आता काय होणार?" कुलकर्णी.

"कुलकर्णी, माझा अभ्यास एकोणीसशे वीसला संपतो!"

* * *

पण बातम्या थांबेनात. पुढच्या शुक्रवारी मंडळींनी युद्धाचंच भाषण पुन्हा मागितलं. त्याच्या पुढच्याही शुक्रवारी. जणू नीट ऐकलं तर त्यात आपल्या विमानाची वेळ सापडेल. बायकांचं मत दोनदा पुढे ढकललं गेलं.

"तिकडेही हेच सांगत होते," ती म्हणाली. "आधी युद्ध संपू दे, मग तुमचं बघू."

आमची पुण्याची तिकिटं सातव्या शुक्रवारनंतरच्या मंगळवारची होती. ते फक्त आम्हा दोघांना माहीत होतं, आणि बहुधा फिलोमिनाला. मी दर तासाला फ्लाइट स्टेटस बघत होतो.

तिसऱ्यांदा तोच आग्रह सुरू झाला तेव्हा फळ्यापाशी उभ्या वंदनाने खडू खाली ठेवला. "मतदान घेऊ. बायकांचं भाषण कोणाला हवंय?"

फिलोमिनाचा हात वर गेला. मग वंदनाने स्वतःचा केला.

"आणि युद्ध?"

सावंत, कुलकर्णी, दोघांच्या बायका. वंदना मोजत मोजत खोलीच्या टोकाला आली, माझ्यापाशी थांबली. माझाही हात वर होता.

"पाच," ती म्हणाली, आणि युद्धाचा नकाशा परत टांगला.

मंगळवारचं विमान उडालं, आणि पुण्याहून मी एकटाच परतलो. पाचव्या भाषणाचे कागद कपाटात आहेत. मी ते अजून वाचलेले नाहीत.