गुरुवारचं ताट

याद्या करायचं वेड मला नोकरीतून लागलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिक्षिका होते. हजेरी, झाडलोट, पाणी भरायच्या पाळ्या, सगळं वहीत आखून ठेवायचं. तीच वही मग चर्चमध्येही आली. भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं मोजून चौदा. चर्च म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. त्यात संडे स्कूल माझ्याकडे, महिला मंडळ माझ्याकडे, आणि कुणालाच नको असलेलं काम निघालं की तेही माझ्याकडे. मी कुरकुरायचे आणि करायचे.

मावशीचं कामही असंच आलं. चर्चची झाडलोट करणाऱ्या बाईची ही मुलगी. वय तिशीच्या आसपास, पण समज पाच-सहा वर्षांच्या पोरीएवढी. लहानथोर सगळे तिला मावशीच म्हणायचे. ऐंशीच्या दशकात तिची आई वारली आणि चर्चमागच्या खोलीत ही एकटी उरली. बैठकीत पाळकसाहेबांनी विचारलं, हिचं काय करायचं? सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग मीच म्हटलं, वार लावू. पूर्वी गरीब विद्यार्थ्यांना जेवणाचे वार लावून द्यायचे तसे. सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरं. दिवसभर त्या घरी राहायचं, जमेल ते काम करायचं, दोन वेळा जेवायचं आणि दिवेलागणीला खोलीवर परतायचं. सात वारांना सात घरं मिळाली. मी यादी केली, चर्चच्या दाराआड चिकटवली आणि स्वतःवर फार खूश झाले.

गुरुवार होता चर्चच्या मुख्य पंचांच्या घरी. मंडळीतलं ते सगळ्यात मोठं माणूस. शेतीवाडी बरी, गळा गोड, पाळकसाहेब नसले तर उपासना तेच चालवायचे. चर्चच्या दाराला धड कुलूप नव्हतं म्हणून गाण्याला वाजवायची पेटीही त्यांच्याच घरी असायची. गुरुवारी शाळा सुटली की संडे स्कूलची पोरं त्यांच्या ओसरीवर गाण्यांची तालीम करायची. तालीम संपल्यावर एकानं मागं थांबून पेटीला खोळ घालायची आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवायची. त्याच्या पाळ्याही माझ्याच वहीत होत्या.

दोन-तीन महिने सुरळीत गेले. नंतर मावशी गुरुवारी खोलीतून बाहेरच पडेना. पंचांच्या घरून झाकून ताट आलं, तर तेही तसंच परत जायचं. विचारलं तर नुसती मान हलवायची. आम्ही समजलो, हिनं उपवास धरला. शेजारच्या पाटलीणबाई हसून म्हणाल्या, "तुमची मावशी बी गुरुवार धरती व्हय, बाई?" पाळकसाहेबांनी तर एका रविवारी उपदेशातच सांगितलं की, ज्यांना आपण अजाण म्हणतो त्यांनाही उपवासाचं मोल कळतं. सगळ्यांनी कौतुकानं मागं वळून तिच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. ती शेवटच्या चटईवर बसून पायाचं बोट चोळत होती.

दिवाळीच्या सुट्टीतल्या एका गुरुवारी मी घरीच होते. दुपारी मावशी मागच्या दारानं आली, टोपल्यातली भाकरी उचलली आणि उभ्यानंच खायला लागली. कालवणाचीही वाट पाहिली नाही.

"उपास मोडला का गं?" मी थट्टेनं विचारलं.

"तितं न्हाई जायाचं," ती म्हणाली.

"का?"

"माय रानात जाती. मंग बाबा हात लावत्यात." माय म्हणजे पंचांची बायको, बाबा म्हणजे ते स्वतः. एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातानं तिनं पदर गळ्याशी गच्च धरला होता. "न्हाई जायाचं," ती पुन्हा म्हणाली.

मी पुढं काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलंही नव्हतं. मी तिला दुसरी भाकरी वाढली. तो वार मीच लावला होता. इतके गुरुवार ही उपाशी राहिली, कारण उपाशी राहणं तेवढं तिच्या हातात होतं. आणि आम्ही तिची वाहवा करत होतो.

त्याच संध्याकाळी पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, उठून दार लोटलं, आणि चष्मा काढून पुसला. "बाई," ते म्हणाले, "याचा बोभाटा झाला तर मंडळी फुटेल. चौदा घरं आहेत आपली. गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आणि तिच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? तुम्ही तिचा वार बदला. तिला त्या घरात पाठवू नका, म्हणजे झालं." मग त्यांनी प्रार्थना केली. मी आमेन म्हटलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. भांडायला गेले होते आणि न भांडता काम झालं होतं.

नवी यादी केली. गुरुवार माझ्याकडे. शाळेच्या वेळात माझ्या सासूबाई घरी असायच्याच. पंचांच्या बायकोला सांगितलं की मावशीला आमच्याकडची सवय झाली आहे. तिनं कारण विचारलं नाही. "बरं झालं, बाई," एवढंच म्हणाली आणि सुपातले दाणे पाखडत राहिली. पंच रविवारी नेहमीसारखेच हात जोडून "जय ख्रिस्त" म्हणाले. मीही म्हटलं.

तालमीचा विचार माझ्या मनात आलाच नाही, असं सांगायला मला आवडलं असतं. आला होता. पंधरा पोरं एकत्र असतात, ओसरी रस्त्यावर आहे, काय होणार आहे, असं मी माझं मलाच समजावलं. तालीम दुसरीकडे न्यायची तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगायचं नाही असं तर ठरलेलं. पोरांच्या पाळ्या वहीत होत्या तशाच राहिल्या.

मावशी त्यानंतर नऊ-दहा वर्षं जगली. गुरुवारी पोटभर जेवायची, माझ्या सासूबाईंचे पाय चेपायची, चर्चची घंटा वाजवायची. तापाचं निमित्त झालं आणि माझ्याच घरी गेली. पुढं पंचही गेले, पिकल्या वयात, सगळ्यांचा मान घेऊन. त्यांच्या अंत्यविधीला शास्त्रपाठ मी वाचला. वाचणारं दुसरं कोण होतं!

दोन हजार साल उलटून गेल्यावर जालन्याला एक दिवसाचं शिबिर झालं. मंडळीतली मुलं आणि दुबळी माणसं सुरक्षित कशी ठेवायची, असा विषय. मी निवृत्त झाले होते, गुडघे बोलत होते, तरी प्रत्येक चर्चमधून दोघींनी यायचंच होतं. माझ्याबरोबर आमची संडे स्कूलची शिक्षिका आली. माझीच जुनी विद्यार्थिनी, आता दोन लेकरांची आई. लहानपणी पंचांच्या ओसरीवर सगळ्यात वरच्या पट्टीत तीच गायची. सकाळी गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती.

शिबिर घेणाऱ्या पोरीनं विचारलं, तुमच्याकडं अशा वेळी कुणी काही केलं असेल तर सांगा. कुणी बोलेना. मला वाटलं, आपल्याकडे सांगण्यासारखं आहे. उभी राहिले आणि नाव न घेता मावशीची गोष्ट सांगितली. परत येणारं ताट, बदललेला वार, आणि तिला शेवटपर्यंत कसं सांभाळलं ते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला बरं वाटलं. शिबिर घेणारी पोरगी मात्र काही लिहून घेत राहिली. मी खाली बसले तेव्हा शेजारची, आमच्या शिक्षिकेची खुर्ची रिकामी होती.

दुपारी पुरीभाजी होती. आमची शिक्षिका जेवली नाही. बसस्टँडवर उभे होतो तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, मावशीचा गुरुवार पंचांच्या घरी व्हता ना?"

"हो."

"म्हंजे तुमाला तवापासून ठाऊक व्हतं?"

"हो," मी म्हणाले.

"मंग पेटी आत ठिवायला आमाला का पाठवलं?"

वहीत पाळ्या होत्या म्हणून, हे तर तिलाही माहीत होतं. तिच्यासारख्या किती, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी तिच्या हाताला हात लावायला गेले तर तिनं तो मागं घेतला आणि पदर गळ्याशी ओढून धरला.

भोकरदनची गाडी लागली. मी चढले, खिडकीजवळची जागा धरली आणि शेजारच्या जागेवर तिच्यासाठी पिशवी ठेवली. ती खालीच उभी राहिली.

"तुमी व्हा पुढं, बाई," ती म्हणाली. "मी मागच्या गाडीनं येते."

मागची गाडी दोन तासांनी होती.