खिचडीमायचा इंग्रजी मोबाईल

खिचडीमायला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि तिचा मोबाईल इंग्रजीत होता. याचं नवल अख्ख्या गावात फक्त मला वाटलं, कारण गावात नवा मीच होतो. सालेकसा तालुक्यात जंगलाच्या कडेला असलेल्या एका दोनशिक्षकी शाळेवर माझी नेमणूक झाली होती आणि माय त्या शाळेत पोषण आहार शिजवायची. पोरं तिला खिचडीमाय म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. तिचं खरं नाव कागदोपत्री होतं. मी ते दर महिन्याला लिहीत असे, तरी आज चटकन आठवत नाही.

मोबाईल बटणांचा, साधा. तो तिला पोरीनं घेऊन दिला होता. फुलवंता ही मायची एकुलती एक, दहावीपर्यंत शिकलेली. मोबाईल कसा वापरायचा हेही तिनंच शिकवलं होतं, अक्षरओळखीच्या भानगडीत न पडता. यादीत सगळ्यात वर नाव फुलवंताचं. त्यावर दाबलं की चार शब्द उघडत. सुरुवातीला विळा आणि शेवटी दोन उभ्या काड्या दिसल्या की तो कॉल. सुरुवातीला पोटुशी बाई दिसली की नाव पुसलं जाणार, तिथे हात लावायचा नाही. आणि जिला एकावर एक दोन पोटं आहेत ती बाई दिसली, तर त्या वाटेला जायचंच नाही, कारण त्यानं समोरच्याचा फोन कायमचा थोपवला जातो. माय हे सगळं मला चुलीपुढे बसून समजावून सांगायची. "ते दोन पोटवाली लय खराब हाये, गुरुजी. तिले दाबलं का मानूस तुटलाच समजा." इंग्रजीचं इतकं पक्कं शिक्षण माझ्या हातून एकाही पोराला मिळालेलं नाही.

शाळेत किती पोरं आली हे ती मला कधी विचारत नसे. दारातल्या चपला बघायची आणि तांदूळ टाकायची. अनवाणी येणारी पोरं कोणती, ते तिला पाठ होतं. माझी हजेरी आणि तिचा तांदूळ यांत फरक पडला तर चूक माझी निघायची. एकदा मी आजारी पोराची हजेरी चुकून लावली, तर पातेलं उतरवता उतरवता म्हणाली, "तो तर घरी झोपून राहिला, गुरुजी. तुमी कोनाले पाहून राहिले?" मी मुकाट्यानं खाडाखोड केली.

बोलण्यात तिला मिठास नव्हती. पहिल्या दिवशी माझ्याकडे बघून "हे टिकत नाही महिनाभर" असं ती दुसऱ्या गुरुजींना माझ्यासमोरच म्हणाली होती. घरी ती गोंडीत बोलायची, माझ्याशी झाडीबोलीत, बाजारात व्यापाऱ्याशी हिंदीत आणि पोरीच्या सासरच्यांशी छत्तीसगढीत. चार भाषा तोंडात आणि कागदावर एकही नाही. मी मात्र तिच्या "हाये" चं "आहे" करायचो. ती हसायची आणि पुन्हा "हाये" म्हणायची.

फुलवंतानं दोन वर्षांपूर्वी आपल्या मनानं लग्न केलं होतं, रेल्वेलाईनच्या पलीकडच्या, छत्तीसगढमधल्या मुलाशी. माय चिडली आणि दीड वर्ष बोलली नाही. मग एका जानेवारीत पोरीनंच फोन केला, चौथा महिना आहे म्हणून. त्या दिवशी खिचडीत मीठ दोनदा पडलं. तेव्हापासून दर इतवारी फोन येऊ लागला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आणि त्यासाठी माहेरच्यानं जाऊन पोरीला घेऊन यायचं, अशी रीत. सासरचे लोक दिवस ठरवतील, मग पोर फोन करील, मग माय आणायला जाईल, असं ठरलं. मायनं जुन्या लुगड्यांची दुपटी शिवायला घेतली. पोषण आहाराच्या खोलीत तांदळाच्या पोत्यांवर दुपटी वाळत असायची आणि मी मायला त्यावरून रागावलोही होतो.

फेब्रुवारीत मराठी भाषा दिवस आला. काहीतरी उपक्रम करून वरती फोटो पाठवायचे होते. दरवर्षी शाळेत ग्रंथदिंडी निघायची, पण त्या वर्षी निम्म्या ग्रंथांना वाळवी लागली होती. तेव्हा मला एक कल्पना सुचली, आणि कल्पना मला क्वचितच सुचत असल्यामुळे ती फारच आवडली. पोरांनी घरातले मोबाईल शाळेत आणायचे आणि मी सगळ्यांच्या सेटिंगमध्ये जाऊन भाषा मराठी करून द्यायची. फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलं, 'माझा मोबाईल, माझी मराठी'. टेबलावर चादर अंथरली, झेंडूची फुलं ठेवली आणि त्यात बावीस मोबाईल मांडले. बाविसावा मायचा. ती द्यायला तयार नव्हती. हात पुसत दारात उभी राहिली आणि म्हणाली, माझा राहू द्या, मला लागतो. मी म्हणालो, अगं, आता तुला तुझ्या भाषेत मिळेल. तिची भाषा ती नव्हतीच, हे मला कळायला हवं होतं. कळलं नाही. फोटोत मी मधोमध आहे आणि माय कडेला, मोबाईल दोन्ही हातांत धरून. वरून अंगठ्याचं चित्र आलं. मला बरं वाटलं.

चार-पाच दिवसांनी ती वर्गाच्या दाराशी आली. "माझा मोबाईल होता तसा करून द्या नं, गुरुजी. मले समजून नाही राहिला." मी वह्या तपासत होतो. मी तिची थट्टा केली. इंग्रज गेले तरी तुझ्या कमरेला अजून त्यांचाच मोबाईल, असं काहीतरी म्हणालो. पोरं हसली. माझ्या मनात वाईट काही नव्हतं. तिला म्हणालो, रोज दुपारी दहा मिनिटं बस, मी अक्षरं शिकवतो. दोन दिवस ती बसलीही. मग परीक्षा आल्या, मतदारयाद्यांचं काम आलं आणि ते राहून गेलं. माय एकच गोष्ट दोनदा मागणाऱ्यांतली नव्हती. तिनं पुन्हा विचारलं नाही.

मार्चमध्ये मोहफुलं पडायला लागली. माय पहाटे जंगलात जायची, टोपली भरून आणायची आणि मग शाळेत चूल पेटवायची. मोहाचा वास तिच्या अंगाला चिकटलेला असायचा. मोबाईल आता ती खिडकीत ठेवायची, काम करताना ऐकू यावा म्हणून. एका सोमवारी सहज म्हणाली की, पोरीचा फोन नाही. मी म्हणालो, येईल. पुढच्या सोमवारीही तेच म्हणाली. मी विचारलं, तू का करत नाहीस? "एकदा दाबून पाहिलं. लागला नाही. आता हात नाही लावत, बिघडून गेला तं?" मी म्हणालो, बरं केलंस. मोबाईल खिडकीत होता, माझ्यापासून चार हातांवर. तो उचलून बघायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

एप्रिलमध्ये शाळा सकाळची झाली. एकदा भांडी घासताना माझ्याकडे पाठ करून ती म्हणाली, "राग आला असन तिले. दीड वर्स मी नाही बोललो. आता तिची पारी." मग म्हणाली की, न बोलावता कसं जायचं, सासरचे काय म्हणतील. दुपटी तोवर सहा झाली होती. ती घडी करून तिनं एका पोत्यात भरली आणि पोत्याचं तोंड शिवून टाकलं.  घरगुती गोष्टीत आपण कशाला पडा, असं मला वाटलं.

एप्रिलच्या शेवटी एके सकाळी ती मोहाच्या झाडाखाली पडलेली सापडली. उन्हानं की कशानं, ते कुणी शोधत बसलं नाही. तालुक्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपली होती. शेजारणीनं तिचा मोबाईल माझ्याकडे आणून दिला. गुरुजी, फुलवंताला कळवा, म्हणाली.

मी यादी उघडली. सगळ्यात वर फुलवंता. त्यावर दाबलं. कॉल करा, संदेश पाठवा, डिलीट करा. चौथी ओळ होती, 'अनब्लॉक करा'. मी ती दोनदा वाचली. विळा नाही, काड्या नाहीत, दोन पोटांची बाई नाही. तिच्या दृष्टीनं चारही ओळी सारख्याच. तिनं अंदाजानं एक दाबली होती. थोपवलेल्या फोनांची वेगळी नोंद असते, ती उघडली. आधी दर इतवारी एक. मग आठवड्यात तीन-चार. शेवटी रोज. मी अनब्लॉक केलं आणि फोन लावला. पहिल्याच रिंगला तिकडून आवाज आला, "माय?"

मला तेव्हा रडू आलं नाही. मातीला गेलो, परत आलो, शिल्लक तांदळाचा अहवाल लिहिला. पुढे माझी बदली माझ्या जिल्ह्यात झाली. इथल्या शाळेतही खिचडी शिजते, भाषा दिवस होतो, फोटो जातात. लोक माझ्या हातात मोबाईल देतात, गुरुजी, एवढी भाषा बदलून द्या म्हणतात. मी देतो बदलून. हात चालतो. आत काही हलत नाही आणि हलत नाही याचं दुःखही पूर्वीइतकं राहिलेलं नाही. मायबद्दल लिहायचं तर एवढंच सांगता येतं की, तिच्यानंतर मी कुणाची थट्टा केली नाही.

फुलवंता तेव्हा मायची माती झाल्यावर पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाईल न्यायला शाळेत आली. आठवा लागलेला, प्रवासानं पाय सुजलेले. चुलीजवळच्या पायरीवर बसली. दुपट्यांचं पोतं तिला सापडलं होतं, ते शेजारी ठेवलं होतं.

"गुरुजी, मायचा मोबाईल खराब होता का?"

"रेंज नव्हती," मी म्हणालो.

"दोन महिने?"

"डोंगर आहे ना इकडे."

तिनं शेजारचं पोतं जवळ ओढलं. मग म्हणाली, "मले वाटलं, मायचा राग अजून गेला नाही."

मी म्हणालो, राग कधीच गेला होता, ती रोज तुझ्या फोनची वाट बघत होती. हे खरं होतं. एवढं खरं बोलल्यावर आणखी एक वाक्य बोलायला हवं होतं. ते माझ्या तोंडात तयार होतं. मी मोबाईल पुढे केला.

तिनं तो उघडला. अंगठा थांबला. आपलं नाव उघडून तिनं त्या चार मराठी ओळी वरून खाली वाचल्या आणि पुन्हा खालून वर वाचल्या. मग माझ्याकडे बघितलं. मी विझलेल्या चुलीकडे बघत राहिलो.  तिनं सेटिंग उघडलं, भाषेवर गेली आणि इंग्रजी केलं. चार बटणांचं काम. मोबाईल पदराच्या टोकात बांधला.

"मायले हे वाचता नाही येत, गुरुजी," ती म्हणाली, आणि भिंतीला धरून उठली.