बेबीताईंच्या नावाचा मोर

लकवा मारला तेव्हा घरच्यांना बेबीताईंच्या बोलण्याची काळजी पडली होती. बेबीताईंना पडली होती उजव्या हाताची. वलगावच्या मळ्यातली शेवंती, झेंडू अमरावतीला आणून हार ओवण्यातच त्यांचा जन्म गेलेला. बोलणं लवकरच सुधारलं; जरा जास्तच सुधारलं, असं शालिकराम, त्यांचा नवरा, म्हणे. हात मात्र मांडीवर पडून राही, कोणीतरी सांभाळायला ठेवून गेल्यासारखा. दसरा तोंडावर आला होता, आणि दसऱ्याला सुनेच्या शेजारी नुसतं बसून राहायचं म्हणजे स्वतःच्याच दुकानात पाहुणी व्हायचं.

दवाखान्यात पेशंटसाठी नवी रंगखोली निघाली होती. बोटं मोकळी होतील, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून बेबीताई रोज व्हीलचेअरवरून जात. तिथली आकांक्षा गोड मुलगी. ती सगळ्यांना छापील चित्रं रंगवायला देई. बेबीताईंच्या वाट्याला मोर आला. खडू बोटांतून निसटे, निळी रेघ मोराच्या मानेतून थेट कागदाबाहेर जाई. त्यांनी फुलं आणि सुई मागून पाहिली. फुलांनी इन्फेक्शन होतं म्हणे, आणि सुई तर नाहीच नाही. शालिकरामने डब्याच्या पिशवीत लपवून झेंडू आणला, तो गार्डने कचऱ्यात टाकला. त्या दिवशी बेबीताईंनी डबा उघडला नाही.

मग खोलीसाठी देणगी देणारे पाहुणे येणार म्हणून धावपळ झाली. त्या सकाळी बेबीताई दारात आल्या आणि वर बघतच राहिल्या. चौकटीला झेंडूचं भलंमोठं तोरण लावलं होतं. आत भिंतीवर त्यांचा मोर, पीस न् पीस भरलेला, एक रेघ इकडची तिकडे नाही. खाली त्यांचं नाव. पाहुण्यांनी हाताच्या प्रगतीचं कौतुक केलं, त्यांच्यासोबत फोटो काढला, आणि मंडळी चहाला गेली.

"काकू, थोडंसंच पूर्ण केलं मी," आकांक्षा हळूच म्हणाली. "अर्धवट बरं दिसलं नसतं."

"कोणाले?"

बेबीताईंनी शालिकरामला खुर्ची भिंतीपाशी न्यायला लावली. डाव्या हाताने उजव्या मुठीत खडू कोंबला आणि स्वतःच्या नावावर रेघ ओढली. रेघ थरथरत नावावरून गेली, कागद ओलांडून नव्या रंगाच्या भिंतीवर उतरली, तेव्हा कुठे खडू पडला.

"काकू, भिंत खराब झाली ना."

"हे माहं आहे. राहू दे," बेबीताई म्हणाल्या. "अन् ते तोरण सुकून जाईन. काढून दे मले ओवाले."

आकांक्षाने तोरणाकडे पाहिलं, मग चहाच्या खोलीकडे. सरांना विचारावं लागेल, म्हणाली.

शालिकरामने खुर्ची वळवली. बेबीताईंनी ती तोरणाच्या बरोबर खाली उभी करायला सांगितली, आणि हात मांडीवर धरून वाट बघत बसल्या.