पानमळ्याबाहेरची माणिकबाई

आमच्या अकोटकडे पानमळ्यात शिरायचं तर चप्पल बाहेर काढतात. नागवेलीला देव मानतात. कावळा शिवलेली बाई ते चार दिवस आत पाऊल टाकत नाही. माझी शेजारीण माणिकबाई हे सगळं इतरांपेक्षा जरा जास्तच पाळायची. बाकीच्यांच्या चपला कुडाच्या फाटकाशी, हिच्या पार अलीकडच्या बांधावर. मी चेष्टा करायची, "एखांद्या दिवशी कुत्रं नेईन तुह्या चपला." ती म्हणायची, "नेऊ दे वं. वेल तं खूश राहीन."

ती मूळची मोर्शीकडची, संत्र्याच्या बागेतली. लग्न होऊन देवानंदच्या घरी आली तेव्हा तिला वेल बांधताही येत नव्हती. सासूनं शिव्या देत शिकवलं. नंतर अशी रमली की माहेरी गेली तरी दोन दिवसांत परत. मूलबाळ झालं नाही. ते दुःख मी मळ्यात विसरते, असं तिनंच मला सांगितलंय.

आणि मळा होताही तसाच. शेवरीच्या सावलीत चढलेली वेल, पाटाचं पाणी, भोवती तुराट्यांचा कूड. मे महिन्यातही आत शिरलं की अंगाला गारवा लागायचा.

तो गारवा आता राहिला नाही. वऱ्हाडचा उन्हाळा कधीच मवाळ नव्हता, पण पूर्वी दिवस मावळला की सातपुड्याकडून वारा यायचा आणि मलूल झालेली वेल रात्रीतून सावरायची. आता रात्रीही भिंतीला हात लावला तर चटका बसतो. पानं कडेनं करपत जातात. आंधळ्यालाही कळावं असं आहे हे. देवानंद मात्र म्हणायचा, "ऊन तं माह्या आज्याच्या टायमालेई होतं." मळेवाल्यांतला सगळ्यात जुना माणूस म्हणजे रामरावबाबा, त्यांचा शब्द शेवटचा. तेही हेच म्हणायचे. वेल जळली म्हणजे मळा बाटला, कोणाचा तरी विटाळ झाला, एवढंच त्यांना ठाऊक.

गेल्या वर्षी मे महिन्यात मजुरांनी दुपारचं काम सोडलं. बोअरचं पाणी करंगळीएवढं येत होतं. माणिकबाई त्या दिवसांतली, म्हणून बांधावरच्या निंबाखाली बसून होती. देवानंद फाटकातून ओरडला, "ये लवकर! एकट्याच्यानं होऊन नाई राहिलं."

"अवो, मी कशी येऊ? तुमाले मालूम हाये ना?"

"वेलीले काय डोळे हायेत? मी सांगून राहिलो ना, ये!"

ती हात जोडून आत गेली. दिवसभर ओली पोती कुडाला बांधली, बादल्यांनी पाणी फिरवलं. संध्याकाळी तो म्हणाला, "तू होती म्हणून वाचलं." हे वाक्य ती मला पुन्हा पुन्हा सांगायची.

वाचलं काहीच नव्हतं. आठवड्याभरात मळ्याची मावळतीकडची बाजू वाळून गेली. रामरावबाबा चार मळेवाल्यांना घेऊन बघायला आले. त्यांनी विचारलं, "देवानंद, विटाळ झाला काय?"

देवानंदनं मान खाली घातली. "झाला, बाबा. बायको शिरली आत. मी बजारात गेलतो."

माणिकबाई पाण्याचा तांब्या घेऊन तिथंच उभी होती. चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडणं तिच्यानं झालं नाही. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, दुसरं काय! घरी आल्यावर तिनं विचारलं, "असं काहून बोलले तुमी?"

तो म्हणाला, "यंदा नागपंचमीची पूजा माह्या हातची हाये. माह्यावर आलं असतं तं पूजाई गेली असती अन् इज्जतई. तुले काय, चार दिस बोलतीन लोक."

चार दिवसांचं वर्ष झालं. मळा शुद्ध केला, नारळ फुटले, आणि पुढचा उन्हाळा सरेपर्यंत माणिकबाईनं आत यायचं नाही असं ठरलं. ती बांधावर बसून पानं निवडायची. नागपंचमीला देवानंद नवं धोतर नेसून वेलीची पूजा करत होता आणि ही कुडाच्या फटीतून बघत होती. बायकांनी हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. माझं डोकं भडकलं. "अवं, सांगून टाक सगळ्याइले! चोर सोडून संन्याशाले सुळी!"

"तोच सांगन," ती म्हणायची. "मनातून खाते त्याले. येत्या उन्हाळ्यात दिसनच."

यंदाचा मे त्याहून वाईट निघाला. शुद्ध केलेला, नारळ फोडलेला मळा निम्मा जळाला. शेजारचे दोन मळेही गेले. माणिकबाई मला बोलवायला आली, "चाल माह्यासंगं." रडून डोळे सुजले होते, पण चालताना ती माझ्या पुढे होती. वर्षभर ती आत गेली नव्हती. आता तरी सगळ्यांना कळणार होतं.

फाटकाशी रामरावबाबा आणि बाकीचे जमले होते. ती सवयीनं बांधावर चप्पल काढून उभी राहिली. देवानंद हातात करपलेल्या वेली घेऊन बाहेर आला आणि सरळ तिच्यासमोर येऊन थांबला.

"खरं सांग. तू आत गेलती का?"

तिनं त्याच्याकडे बघितलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हो, गेलती. मागच्या साली. तुमीच बलावलं होतं. मी नाई म्हणलं, तरी बलावलं."

देवानंदनं गमछ्यानं तोंड पुसलं आणि हसला. "बाबा, मनावर घेऊ नका. उन्हानं डोकं फिरलं इचं."

मी ओरडले, "खोटं! खरं बोलून राहिली ते!"

"तुमाले कोणं सांगतलं? तिनंच ना?" देवानंद म्हणाला.

रामरावबाबांनी कपाळावर हात आडवा धरून वर बघितलं. "हो बाप्पा, ऊनच तसं हाये यंदा. घरी ने तिले. तळपायाले कांदा चोळ."

बाकीच्यांनी माना हलवल्या. वर्षभर ज्यांनी उन्हाचं नाव घेतलं नव्हतं, त्या सगळ्यांना ते एका क्षणात पटलं.