हळदीच्या कढईवरून डावीकडे

'तिकडे' हा शब्द तोंडातून काढायला माणसं घाबरतात असं सगळ्या हिंगोली जिल्ह्यात एकच घर आहे, आणि माझं नशीब असं की ते माझ्या बायकोच्या थोरल्या मामांचं आहे. मुलगी पाहायला म्हणून मी कुरुंद्याला पहिल्यांदा त्या घरात गेलो, तेव्हा मामांनी मला एकच प्रश्न विचारला होता. पगार नाही, शिक्षण नाही. "वसमतला घर कुठं आलं तुमचं?" मी म्हणालो, स्टेशनच्या बाजूला. झालं! "कोन्त्या बाजूला? अगदी बाजूला, का जरा बाजूला? का पुढं जाऊन मागं वळायचं?" अर्धा तास ती उलटतपासणी चालली. पोहे गार झाले. आत बायको, म्हणजे तेव्हाची मुलगी, आता हे स्थळ हातचं गेलं म्हणून रडवेली झाली होती. शेवटी मी कागदावर नकाशा काढून दिला तेव्हा कुठे मामा हसले आणि लग्न ठरलं.

मामांनी जन्मभर गावच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. बाकीचे मास्तर काळ शिकवत, मामा जागा शिकवत. त्यांचं म्हणणं असं, की इंग्रजी बोलणारा माणूस रोजच्या बोलण्यात एखादी वस्तू नुसती 'बिहाइंड' आहे असं सांगून मोकळा होत नाही. तो आधी 'राईट' लावतो, 'जस्ट' लावतो, 'वेल' लावतो, आणि तेवढ्यावरून ती वस्तू पाठीला चिकटलेली आहे, हातभर मागे आहे की चांगली लांब आहे हे ऐकणाऱ्याला कळतं. "आपन मराठीत म्हनतोच की, बराबर पिंपळाखाली, थेट विहिरीपर्यंत," मामा सांगत. "पन इंग्रजी बोलायचं म्हनलं की आपली जीभ भेते. मंग निस्तं इन, निस्तं ऑन. पाहुना बसतो हुडकत." हे तत्त्वज्ञान शाळेत ठेवून ते घरी आले असते तर कोणाची तक्रार नव्हती. पण मामींना ते चष्मासुद्धा "राईट बिहाइंड द डबा" असा मागतात, आणि मामी कोणता डबा ते न विचारता, "तुमच्या कपाळावर हाय," म्हणून मोकळ्या होतात. एकदा पोट दुखतं म्हणून डॉक्टरांकडे गेले आणि बरगडीच्या नेमकं किती खाली, किंचित कुठल्या अंगाला, हे त्यांनी इतकं बारकाईनं सांगितलं, की डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, औषध बी तुम्हीच सांगून टाका." भाच्याच्या लग्नपत्रिकेत मंगल कार्यालयाचा पत्ता नुसता 'बसस्टँडजवळ' छापलाय म्हणून त्यांनी ती पत्रिका लाल शाईनं तपासून परत पाठवली होती. मला ही माणसं कधीकधी असह्य होतात. मी तसं बायकोला सांगितलंही आहे.

पण नाझियाचं प्रकरण सुरू झालं आणि माझं हसू आटलं.

नाझिया म्हणजे मामांच्या गल्लीतल्या रशीदभाईंची मुलगी. रशीदभाई हळद शिजवायच्या लोखंडी कढया बनवतात. मुलगी नांदेडला नर्सिंग शिकली, चांगल्या मार्कांनी पास झाली, आणि मोठ्या दवाखान्यांच्या तोंडी परीक्षेत दोनदा नापास झाली. दुसऱ्या वेळी परीक्षा फोनवर होती. समोरच्यानं इंग्रजीत विचारलं, पेशंटला जखम नेमकी कुठे झाली आहे? पोरीनं घाबरून आपल्याच गुडघ्याखाली बोट लावलं आणि "हिअर सर, हिअर" म्हणत राहिली. फोनमधून बोट कोणाला दिसणार? त्यानंतर हैदराबादच्या एका दवाखान्याचं बोलावणं आलं, तेव्हा रशीदभाई मामांच्या ओसरीवर येऊन बसले. "सर, लडकी बोलती, इस बार नहीं हुआ तो नर्सिंग छोड देती. शिलाई की मशीन पे बैठती बोलती." बोलता बोलता त्यांनी टोपी काढून हातात धरली. मामा उठले. आत जाऊन छत्री घेऊन आले.

पुढचा दीड महिना कुरुंद्यानं जे पाहिलं ते पुन्हा दिसायचं नाही. सकाळी सातला मामा छत्री उगारून पुढे, नाझिया मागे, आणि छत्रीचं टोक जिकडे वळेल तिकडचं तिनं खणखणीत इंग्रजीत सांगायचं. कम स्ट्रेट डाऊन द लेन. टर्न लेफ्ट जस्ट पास्ट द टर्मरिक बॉयलर. द फ्लोअर मिल इज राईट अक्रॉस द रोड. गल्लीतून सरळ खाली, हळदीच्या कढईवरून पुढे गेलं की लगेच डावीकडे, बरोबर रस्त्यापलीकडे गिरणी. सारं गाव ऐकायला लागलं. चहावाल्याच्या लक्षात आलं की गिरणीला 'राईट' मिळालाय आणि आपल्याला नुसतं 'निअर'. तो हातातलं पातेलं तसंच घेऊन आडवा आला. "सर, मला काहून निस्तं निअर? मी काय कमी जवळ हाय का?" मामांनी तिथल्या तिथे त्याला 'जस्ट बिसाइड' बहाल केलं. पोरीची जीभ सुटली होती यात शंका नाही. मला मात्र वेगळीच धास्ती वाटत होती. छत्री दिसली की ती धडाधडा बोलायची, छत्री मिटली की गप्प. हे मी मामांना बोललो, तर मला म्हणाले, "जावईबापू, तुमी फक्त लॅपटॉप आना."

मुलाखत सकाळी अकराला, मामांच्या माडीवर. गावात रेंज तेवढ्या एका खोलीत धडपणे मिळते. मी लॅपटॉप लावला. मामा त्याच्या मागे, पडद्यावर दिसणार नाहीत असे, छत्री घेऊन उभे राहिले. मी विचारलं, हे काय? "काई सांगनार न्हाई मी तिला. निस्ता उभा ऱ्हातो." तेवढ्यात समोर दोन चेहरे उमटले, एक साहेब आणि एक मॅडम, आणि साहेबांचं पहिलंच वाक्य असं, की कॅमेरा खोलीभर फिरवून दाखवा आणि इतर कोणी असेल तर त्यांनी बाहेर जावं. मामांचा चेहरा एवढासा झाला. छत्री काखेत मारून ते निमूट बाहेर आले, त्यांच्यामागे मी. नाझियानं आमच्याकडे असं पाहिलं की मला क्षणभर लॅपटॉप बंद करून टाकावासा वाटला.

बाहेर जिन्यावर रशीदभाई आधीच बसलेले होते. दार लावलं तरी आवाज येत होता. पहिले तीन-चार प्रश्न बरे गेले. जखमेचाही आला, आणि नाझियानं गुडघ्याच्या किती खाली, कोणत्या अंगाला ते नीट सांगितलं. मामांनी माझं मनगट धरलं होतं ते जरा सैल केलं. मग मॅडम म्हणाल्या, समजा, रात्रपाळीला फोन आलाय. पेशंटचा भाऊ आपल्या गेटवर उभा आहे, घाबरलाय. पेशंट दुसऱ्या मजल्यावर आहे. त्याला तिथपर्यंत आणा. दवाखाना तुमच्या मनातला घ्या.

मनगटावरची पकड अशी आवळली की माझी बोटं बधिर झाली. खाली गल्लीत कोणीतरी मोटारसायकल सुरू करायला लागलं, तर रशीदभाईंनी जिन्यावरूनच हात जोडून त्याला थांबवलं. मग नाझियाचा आवाज आला. कम स्ट्रेट थ्रू द गेट, सर. मामांनी मान हलवली. टर्न लेफ्ट... टर्न लेफ्ट जस्ट पास्ट द टर्मरिक बॉयलर.

रशीदभाईंनी कपाळावर हात मारून घेतला. पोरगी भेदरली होती आणि भेदरलेलं माणूस घरीच पळत येतं. तिनं त्या पेशंटच्या भावाला मामांच्या गल्लीत घेतलं, गिरणीसमोरून नेलं, चहावाल्याच्या अगदी शेजारून काढलं. एक शब्द चुकला नाही. दवाखाना तेवढा कुठे आला नाही. मामा डोळे मिटून पुटपुटत होते, "माझी चूक हाय. मी तिला गावाच्या बाहीर नेलंच न्हाई."

"टर्मरिक बॉयलर?" आतून साहेबांचा आवाज आला. "दवाखान्यात?"

मला वाटलं, संपलं. रशीदभाई उठून उभे राहिले होते, शिलाई मशीन आणायला निघाल्यासारखे. आणि मग नाझिया बोलली, सावकाश, इंग्रजीतच. सॉरी सर, तो रस्ता माझ्या गावाचा होता. मी अजून तुमचा दवाखाना पाहिलेला नाही. पण तो माणूस घाबरलाय, त्याला नुसता रस्ता सांगून भागायचं नाही. मी फोन ठेवणार नाही. आय विल स्टे विथ हिम, सर, ऑल द वे टू द बेड. थेट खाटेपर्यंत त्याच्यासोबत राहीन.

मामांनी डोळे उघडले. माझं मनगट सोडलं. "हे," ते म्हणाले, "हे मी शिकवलेलं न्हाई."

मुलाखत संपल्यावर नाझिया बाहेर आली ती सरळ वडिलांच्या छातीवर डोकं टेकून रडायला लागली. निकाल यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मामांनी मला कसलाही पत्ता विचारला नाही, लाल शाईची बाटली उघडली नाही, आणि मामींनी कौतुकानं केलेलं वरणफळ पानात तसंच ठेवून ते उठले. नवव्या दिवशी रशीदभाई गल्लीतून धावत आले. पायांत चप्पल नव्हती. पोरीला नोकरी लागली होती.

ती गेली त्याला आता चार महिने झाले. पहिल्या रविवारी तिचा फोन येणार म्हणून मी मुद्दाम कुरुंद्याला गेलो होतो. मामांनी सकाळपासून बसून इंग्रजीत वीस प्रश्न लिहून काढले होते. खोली कुठल्या मजल्यावर, वॉर्डापासून किती, खिडकीतून नेमकं काय दिसतं. मी म्हणालो, मामा, ती सुट्टीच्या दिवशी फोन करतेय, पुन्हा परीक्षा कशाला? तर माझ्याकडे रागानं पाहिलं. फोन वाजला. मामांनी कागद डोळ्यांसमोर धरला, घसा साफ केला, आणि तो पुन्हा खाली घेतला. पलीकडून "सर? सर?" ऐकू येत होतं.

"जेवलीस का, लेकरा?" मामा म्हणाले.

तिनं काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. बोलणं मिनिटभरसुद्धा झालं नसेल. मामी पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून घाईनं बाहेर आल्या. "काय म्हनली वो? कुठं ऱ्हाती, कसं हाय समदं?"

मामांनी वीस प्रश्नांच्या कागदाची घडी घातली.

"जेवली," ते म्हणाले.