भेगांना हात लावू नये

महामार्ग खात्यात आमच्या आत्याला सगळे 'भेगबाई' म्हणत. म्हणत अर्थातच पाठीमागे, पण आत्या तिखट कानाची. तिला सगळं ऐकू जाई, आणि गंमत म्हणजे ते नाव तिला आवडे.

खात्याच्या प्रयोगशाळेत ती इंजिनिअर होती. डांबर आणि खडीचे गोळे तापवायचे, दाबायचे, फोडायचे आणि नेमके कुठे फुटले ते बघायचं, हे तिचं आयुष्यभराचं काम. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं की म्हणायची, "मला भेग दिसली की ती झाकता येत नाही. संसार कसा करणार?" विचारणारा पुन्हा त्या वाटेला जात नसे.

मग सरकारने नव्या प्रयोगांची योजना काढली. रस्ते टिकवायची नवी युक्ती आणा, खातं खर्च करील, चालू महामार्गाचा एक तुकडाही देईल. अट अशी, की सगळे ऋतू उलटेपर्यंत त्या तुकड्याची डागडुजी करायची नाही, आणि प्रयोग फसला तर फसला म्हणून सांगायचं. या शेवटच्या अटीवर सगळं ऑफिस पोट धरून हसलं. खात्यात आजवर एकही प्रयोग फसला नव्हता. सगळे 'समाधानकारक' होऊन मेले होते. आत्याने मात्र सरकारचा शब्द खरा धरला. जुन्या टायरांचा भुगा डांबरात मिसळायची तिची कल्पना वर्षानुवर्षं धूळ खात पडली होती. ती मंजूर झाली.

तुकडा मिळाला तो नेमका माझ्या बाबांच्या हद्दीत. बाबा आत्याचे धाकटे भाऊ, देखभालीच्या टोळीचे मुकादम. आपल्या हद्दीत खड्डा म्हणजे त्यांना स्वतःच्या सदऱ्याला भोक पडल्यासारखं वाटे.

रस्ता घातला, सगळे ऋतू उलटले आणि योजनेची समिती पाहणीला आली, त्या सकाळी मीही आत्याबरोबर गेले होते. तुकडा काळाभोर, गुळगुळीत. समितीच्या अध्यक्षबाई खूश. खात्याचे मोठे साहेब तर असे फुलले होते की भुगा त्यांनीच कुटला असावा. आत्या मात्र खाली बसली आणि रस्त्यावरून तळहात फिरवू लागली.

"बाळ्या," तिने टोळीसमोरच हाक मारली. "इथल्या भेगा कुठे गेल्या?"

बाबांचा चेहरा खुलला. "काल दुपारी बुजवल्या, ताई. तुझा रस्ता आणि लोकांनी भेगा बघायच्या? मी जिवंत असताना?"

मला बाबांची दया आली आणि रागही आला. त्यांनी जीव लावून तिच्या प्रयोगाचं वाटोळं केलं होतं.

साहेब आत्याच्या कानाशी आले. "बाई, कुणाला कळलेलं नाही. छान दिसतंय. वर्षभरात निवृत्त व्हाल, मानाने जा ना."

"छान दिसतंय तेच खोटं आहे," आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "ही डागडुजी आहे, माझा रस्ता नाही. बाळ्या, टिकाव आण."

"ताई, मी नाही उकरणार."

मग तिनेच टिकाव उचलला. साडीचा पदर खोचला आणि घाव घातला. साहेब "अहो, अहो" करत राहिले. तिसऱ्या घावाला बाबांनी तिच्या हातातून टिकाव काढून घेतला. रडवेल्या तोंडाने आपणच केलेलं काम ते उकरू लागले. आतली भेग उघडी पडली. ती मुळात किती खोल होती, हे आता देवालाही सांगता आलं नसतं.

"प्रयोग बाद," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"बाद करा. पण फसला म्हणू नका, आणि जमला तर मुळीच म्हणू नका. नव्या कल्पनांना पाठबळ देणार म्हणालात ना? मग भेगांनाही द्या. मला हाच तुकडा पुन्हा हवाय."

"निकाल लागेल तेव्हा तुम्ही खात्यात नसाल."

"नसेन. रस्ता सरकारचा आहे, कडेला उभं राहायला नोकरी लागत नाही."

अध्यक्षबाईंनी साहेबांकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुकडा पुन्हा घाला," एवढंच म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

आत्याचा निरोप समारंभ झाला. साहेब आले नाहीत. आता ती बसने जाते, कडेला उभी राहून रस्ता बघते. परवा मीही गेले होते. नव्या तुकड्यावर दोन भेगा पडल्या आहेत. टोळीतला एक जण सवयीने डांबराचं घमेलं घेऊन तिकडे वळला, तेवढ्यात बाबा त्याच्या अंगावर धावून गेले.

"खबरदार हात लावशील तर! त्या माझ्या ताईच्या भेगा आहेत."